नंदुरबारला उतरलेली घंटा

बाबांना जाऊन चौथा महिना लागला होता, तेव्हा पास्टर दीपक यांचा फोन आला. नांदुऱ्याच्या आमच्या चर्चला यंदा एकशेतीस वर्षं होत होती. नाताळाआधीच्या रविवारी उपकारस्तुतीची भक्ती ठेवली होती आणि त्या दिवशी दारापाशी एक संगमरवरी पाटी बसवायची होती. पाटीवर चर्चचा इतिहास.

"आठ-दहा ओळीच हव्यात, ताई," ते म्हणाले. "सरांनीच लिहिल्या असत्या. आता तुम्ही लिहा."

मी पुण्यात एका जुन्या कॉलेजात इतिहास शिकवते. त्यामुळे नाही म्हणायला सबब नव्हती.

आमचं चर्च मोठं नाही. काळ्या दगडाचं जोतं, वर विटांच्या भिंती, कौलारू छप्पर आणि दर्शनी बाजूला एक चौकोनी मनोरा, इमारतीच्या मानानं जरा जास्तच उंच. मनोऱ्याला चारी बाजूंनी कमानी आहेत आणि आत घंटा टांगायची सागवानी तुळई. घंटा मात्र नाही. कधीच नव्हती. रविवारी भक्तीची वेळ झाली की आवारातल्या कडुनिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर ठोके देतात. पूर्वी भुसावळकडून येणाऱ्या गाडीतली माणसं तो मनोरा दिसला, त्याच्या कमानीतून पलीकडचं आभाळ दिसलं, की फळीवरचं सामान खाली काढायला लागत. आता हायवेवरचा मारुतीचा पुतळा त्याहून कितीतरी उंच आहे आणि नांदुरा म्हटलं की लोकांना तोच आठवतो. पण गावात आमच्या चर्चचं नाव अजून 'बिनघंटीचं गिरजाघर' असंच आहे.

घंटा का नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण बाबांनी ते सगळ्यांना सांगितलं होतं. मिशनरी साहेबांनी चर्चच्या उद्घाटनासाठी विलायतेहून घंटा मागवली. बोटीनं ती मुंबईला आली आणि तिथून रेल्वेनं निघाली. पेटीवर नांदुरा लिहिलं होतं. कुण्या पार्सलबाबूनं ते नंदुरबार वाचलं आणि आमची घंटा नंदुरबारला उतरली. तिथल्या मंडळीनं देवाची देणगी समजून ती आपल्या चर्चवर चढवली. इथली माणसं परत मागायला गेली, तोवर त्या घंटेच्या आवाजात तिथल्या लेकरांचे बाप्तिस्मे होऊन गेले होते. मग मागणार कोणत्या तोंडानं?

चर्च पाहायला कुणी आलं की बाबा त्याला मनोऱ्याखाली उभं करायचे आणि ओठांवर बोट ठेवायचे.

"ऐका."

पाहुणा मान वर करून कान द्यायचा.

"आलं काही ऐकू?"

"नाही, सर."

"कसं येईन? थे तिकडं नंदुरबारले वाजून राह्यली!"

माझी आई नंदुरबारची. त्यावरही बाबांचा एक ठरलेला विनोद होता: घंटा परत आणायला गेलो होतो, त्यांनी घंटा दिली नाही, केसरबाई दिली. आवाज तोच आहे. आई आतून "हो का!" म्हणायची आणि ते पाहुण्याला म्हणायचे, "बघा."

हे सांगणारा माणूस शाळेत गणित शिकवत होता. उत्तर बरोबर असलं आणि एकक लिहिलं नसलं, तर अर्धा गुण कापत होता. भाजीवालीनं वांगी ताजी आहेत म्हटलं तरी बाबा विचारायचे, "कशावरून?" त्यांच्या तोंडून पुराव्याशिवाय निघालेली ही एकच गोष्ट असावी. मला ती लहानपणी खरी वाटायची आणि मोठेपणी नुसतीच आवडायची.

पुण्यात लिहायला बसले आणि तिसऱ्याच ओळीला अडले. आमचं चर्च अठराशे त्र्याण्णव साली पुरं झालं, ते कोनशिलेवर कोरलेलं आहे. नंदुरबारला रेल्वे पोचली ती पुढे काही वर्षांनी. तिथं रूळच नव्हते, तर पेटी उतरणार कुठं? हे कळायला काही संशोधन करावं लागलं नाही, दोन सालं शेजारी ठेवली की झालं. बाबांनाही ती वजाबाकी येत होती. हे मनात आलं आणि मी पेन खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी घंटेशिवाय दहा ओळी लिहिल्या. त्या घेऊन नांदुऱ्याला गेले.

आई ओसरीत ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी पिशवी ठेवली, हातपाय धुतले आणि तिला मजकूर वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"झालं?"

"झालं."

"घंटेचं राह्यलं."

"ते घेतलं नाही, आई."

"काऊन?"

मी तिला वर्गात समजावते तसं सावकाश सांगितलं. चर्चचं साल, रेल्वेचं साल. ती शेंगा सोलत राहिली. दाणे ताटलीत पडत राहिले.

"मंग त्याईचं काय राह्यलं तठी?" ती म्हणाली.

"कुणाचं?"

"तुह्या बाबाचं. तुवा वाचलं थे सगळं साहेबाचं हाय. साहेबानं जागा घेतली, साहेबानं बांधलं, साहेबानं शाळा काढली, साहेब विलायतेले गेला."

"बाबांनी चर्च बांधलं नाही, आई."

"नाही बांधलं. पण लोकं पाह्यले येतेत थे कायच्यानं? विटा पाह्यले येतेत? विटा तं जिनिंगच्या कारखान्यालेबी हायेत."

मी कागदावरच्या दहा ओळी पुन्हा पाहिल्या.

"लिहा लागते," ती म्हणाली. "मी जिवंत हाय तवर तं लिहा लागते." मग ताटली उचलून आत गेली.

संध्याकाळी पास्टर दीपक आले. तिशीतले आहेत, मूळचे अमडापूरचे. मी त्यांना अडचण सांगितली.

"आमची शाळेची सहल आली होती इथं," ते म्हणाले. "तिसरीत असेन. सरांनी आम्हालाही 'ऐका' म्हटलं होतं. आणि ताई, मला ऐकू आली होती."

"काय?"

"घंटा. हसू नका."

"मी नाही हसत."

"खोटं लिहा, असं पास्टर असून मी कसं म्हणू? पण गाळा असंही म्हणवत नाही. तुम्ही आणि आई ठरवा. फक्त शाकिरभाईला गुरुवारी मजकूर पाहिजे. कोरायला त्यांना वेळ लागतो."

गुरुवार परवावर होता.

सकाळी मी रज्जाकचाचांकडे गेले. ते बाबांचे पहिलीपासूनचे मित्र. स्टेशन रोडला त्यांचं सरकीच्या ढेपेचं, म्हणजे गुरांच्या खाद्याचं दुकान आहे. गल्ला आता मुलगा सांभाळतो आणि चाचा दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करतात.

"आली का पुण्यावाली! बैस. ए, एक चाय सांग, साखर कमी." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "थ्या दयाची सवय. थो बसे इथी अन् चायवाल्याशी साखरेवरून भांडे. आता मीच कमी साखरेचा पेतो. काऊन पेतो, अल्ला जाने."

बाबांचं नाव दयाराम. 'दया' म्हणणारे आता ते एकटेच उरले होते.

"चाचा, घंटेची गोष्ट बाबांना कुणी सांगितली होती?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा काढला. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि मला क्षणभर वाटलं की ते रडताहेत. ते हसत होते.

"कोण सांगन बेटा? आम्हीच बनवली!"

"आम्ही म्हणजे?"

"मी अन् दया. पाचवीत होतो. मधल्या सुट्टीत एक दांडगं पोट्टं दयाले म्हणे, 'तुमच्या देवाले घंटा बी नाही बे. मुका हाय काय?' सगळे पोट्टे हसले. दया असा लाल झाला! मले वाटलं, आता रडते. तं म्हणते कसा, 'हाय आमाले घंटा. चुकून नंदुरबारले गेली.'"

"पण नंदुरबारच का?"

"थेच तं! सकाळी भूगोलाच्या तासाले गुरुजीनं नकाशात नांदुरा दाखव म्हटलं, अन् यानं नंदुरबारवर बोट ठेवलं. हातावर छडी खाल्ली होती. थेच नाव डोक्यात घुमून राह्यलं होतं."

चहा आला. मी तो हातात घेतला. नकाशासमोर चुकलेला, लाल तळव्याचा दहा वर्षांचा मुलगा मला स्पष्ट दिसला आणि थोडा वेळ मला चाचांकडे बघता आलं नाही. त्यांनीही रस्त्याकडे पाहिलं. मग त्यांना पुढचं सांगितल्याशिवाय राहवेना.

"पोट्टे म्हणे, कशावरून? आता दया अडकला. मी म्हटलं, माह्या अब्बाले विचारा, थे टेसनवर हमाल हायेत. चौघाईनं उचलली तवा पेटी गाडीत चढली."

"पण चाचा, तुमच्या अब्बांचा तर तेव्हा..."

"पैदा बी नव्हते झाले! अन् पेटी तं नांदुऱ्याले आलीच नव्हती! पण पाचवीतल्या पोट्ट्याईले कोण हिशोब लावते? दुसऱ्या दिवशी सगळे मनोऱ्याखाली कान लावून उभे. मुका म्हणणारा सगळ्याईच्या समोर. म्हणे, वाऱ्यावर थोडी थोडी येते ऐकू."

"नंतर कधी खरं सांगावंसं नाही वाटलं?"

"म्हटलं होतं मी त्याले. दया, म्हातारे झालो, आता सांगून टाक. तं म्हणते, 'रज्जाक, त्या दिवसानंतर एका माणसानं कशावरून विचारलं नाही. कोणी विचारीन तं सांगीन.'" त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "तुले लिहाचं थे लिही. फक्त माह्या अब्बाचं नाव टाकू नको. थे गवाही खोटी हाय."

परत येताना मी चर्चच्या आवारात गेले. कोनशिला पाहिली, तुळई पाहिली. साहेबांनी इतका उंच मनोरा बांधून घंटा का लावली नाही, हे कुणालाच माहीत नाही आणि आता कळण्याची शक्यताही नाही. त्या रिकाम्या जागेला एका मुलानं कारण दिलं होतं. माझ्या दहा ओळींत त्याहून बरं कारण नव्हतं. पण नव्हतं म्हणून खोटं कोरून घ्यायचं का? विद्यार्थ्यांच्या प्रबंधात मी असली एक ओळ राहू देत नाही. आणि बाबांच्या नावानं तर नाहीच. त्यांनीच मला 'कशावरून' शिकवलं.

त्या दुपारी मी एक ओळ वाढवली. 'येथील घंटा नंदुरबारला उतरली, अशी कथा श्री. दयाराम साळवे सांगत.' मला ती चोख वाटली. खोटं काही नाही, बाबांचं नाव आहे, आणि सांगणारा कोण तेही नोंदलेलं आहे. आईला वाचून दाखवली.

तिचा चेहरा उतरला.

"नाव टाकलं तुवा?"

"हो. म्हणजे बाबांचं राहील ना तिथं."

"कथा म्हणते," ती म्हणाली. "शंभर वर्षानं कोणी वाचन तं म्हणन, कोण होता बा हा साळवे, चांगला थापाड्या होता. दगडावर लिहून ठेवतं तू, तुहा बाप थापा मारे म्हणून?"

ती बरोबर होती. आमच्या विषयात 'कथा' हा शब्द आम्ही खोट्याला सभ्यपणे वापरतो. मला ते ऐकू आलं नव्हतं, तिला आलं.

आता तिला सगळं सांगायलाच हवं होतं. मी तिच्याजवळ बसले आणि रज्जाकचाचांनी सांगितलेलं सांगितलं: मधली सुट्टी, मुका देव, छडी, नकाशा. सांगताना तिच्याकडे पाहत होते. वाटत होतं, पन्नास वर्षं ज्या गोष्टीवर ती हसत आली, ती मी तिच्याकडून काढून घेतेय, आणि तीही आत्ता.

"नकाशाचं मले माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"आणि बाकीचं?"

"मी कुठली हाय, पूनम?"

"नंदुरबारची."

"आमच्या घंटेवर साल हाय. एकोणीसशे बारा. माह्या आजानं धुळ्याहून बैलगाडीत आणली थे. सगळ्या नंदुरबारले माहीत हाय. हे मले पाह्यले आले, अन् चहा पेता पेता माह्या बापाले म्हणतेत, 'तुमच्या चर्चवर आमची घंटा हाय.' माहा बाप असा भडकला! म्हणे, तुमची कशी? गाडीबैल आमच्या बापाचे! मी दाराआड. मले हसू आवरेना. मायनं चिमटा काढला."

"मग तू होकार दिलास?"

"मंग काय! येवढी मोठी थाप मारून थंडपणानं चहा पेत बसला होता माणूस."

आई हसत होती. पदर तोंडाला लावून, आवाज न करता हसत होती, आणि मग तिनं तोच पदर डोळ्यांना लावला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"त्यांना कधी सांगितलंस? तुला माहीत आहे म्हणून?"

"पहिल्याच वर्षी. आजाची गोष्ट सांगतली, साल सांगतलं. तं म्हणतेत, 'हे तुह्याजवळ ठेव.' ठेवलं."

बाहेर भोंगा वाजवत एक मालगाडी गेली. मग तिनं माझ्या हातातला कागद घेतला आणि चष्मा नसल्यामुळे दूर धरून पाहिला.

"गाळू बी नको अन् नाव बी टाकू नको," ती म्हणाली. "सरळ लिही. घंटा नंदुरबारले उतरली, असं म्हणतेत."

'असे म्हणतात.' या दोन शब्दांना मी आयुष्यभर लाल पेनानं रेघ मारत आले. समासात लिहिते: कोण म्हणतात? ज्याला पुरावा नाही, ज्याला कुणी धनी नाही, असं वाक्य या दोन शब्दांच्या आडोशाला जाऊन बसतं. या वेळी मात्र मी रेघ मारली नाही.

कारण माझ्या घरात त्याला धनी होता. आईनं बाबांचं नाव कधी घेतलं नाही, तिच्या पिढीतल्या बायका घेत नाहीत. ती नुसतं 'म्हणतेत' म्हणायची. वरण अळणी झालं म्हणतेत. पोरीला पुण्याला पाठवू म्हणतेत. पंखा बंद कर म्हणतेत. कोण म्हणतात, असं त्या घरात कुणी कधी विचारलं नाही. आणि या चार महिन्यांत तिनं त्याचं भूतकाळातलं 'म्हणत' केलं नव्हतं. मी ते ऐकत होते आणि दुरुस्त करत नव्हते.

वाचणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तरी वाक्यात खोट नव्हती. अख्खं गाव तसंच म्हणतं. घंटा उतरली, असं आम्ही कुठं म्हणत होतो? उतरली असं म्हणतात, एवढंच.

"म्हणतात," मी लिहिलं.

"तुह्या पुण्याच्या भाषेत कर," आई म्हणाली. "अर्थ थोच राह्यला म्हणजे झालं."

गुरुवारी मी शाकिरभाईंकडे निघाले, तर आई पायात चपला घालून तयार. बाबांच्या कबरीची पाटीही शाकिरभाईंनीच केली होती, तेव्हा ती आली नव्हती. वाटेत रज्जाकचाचांनी आम्हाला पाहिलं आणि दुकान सोडून मागोमाग आले.

शाकिरभाई आधी पेन्सिलीनं सगळा मजकूर दगडावर लिहून घेतात, मगच छिन्नी लावतात. आम्ही बाकावर बसलो. त्यांनी कागद समोर धरून ओळीमागून ओळ उतरवली. मोठं सुरेख अक्षर आहे त्यांचं. शेवटच्या ओळीपाशी आई उठून जवळ गेली आणि वाकून पाहायला लागली.

"शाकिर, काना काढ."

"कुठला, चाची?"

"नांदुरबार लिहिलं तुवा. नंदुरबार. माहं माहेर हाय, मले नको शिकवू."

शाकिरभाईंनी पाहिलं आणि जीभ चावली. "हाव ना. रोज नांदुरा नांदुरा लिहून हात तिकडंच जाते."

रज्जाकचाचा बाकावरून ताडकन उठले. "पाह्य! पाह्य पूनम! असंच झालं असन!"

"चाचा, तुम्हीच काल म्हणालात ना की..."

"अरे, म्हणालो असन! पण व्हऊ शकते का नाही? तुह्या डोयासमोर झालं! शाकिरसारखा माणूस चुकला, थो पार्सलबाबू काय चीज हाय?"

त्यांचा चेहरा पाचवीतल्या मुलासारखा उजळला होता. शाकिरभाईंनी बोट ओलं करून काना पुसला, वेलांटी-उकार तपासले आणि मला म्हणाले, "एक डाव वाचून दाखवा ताई. मंग बदलता येत नाही."

मी उभी राहून वाचलं. काळा दगड, कौलं, शाळा, साहेब. मग शेवटची ओळ: "या मनोऱ्याची घंटा नंदुरबारला उतरली, असे म्हणतात."

"कोण म्हणतात?" चाचा म्हणाले. "थे तं लिहिलंच नाही."

आईनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"थे लिहा लागते काय, भाऊ?"

शाकिरभाईंनी छिन्नी घेतली.